नाव अराता, कापड लाल: रावपुऱ्यातलं जर्सी छापणारं दुकान

आधी निकाल सांगते, बाकीचं मागून. मेस्सी, रोनाल्डो, विराट किंवा आपल्या बडोद्याचा हार्दिक यांच्या नावाची जर्सी हवी असेल तर या दुकानापर्यंत यायची काही गरज नाही. मंगळबाजारात टांगलेली मिळते, घासाघीस करा, घ्या आणि एक पावसाळा वापरा. पण ज्या खेळाडूचं नाव सांगितल्यावर समोरचा "कोण?" म्हणेल, त्याची जर्सी हवी असेल तर इथे या. काम चांगलं, दर रास्त, वेळेच्या बाबतीत भरवसा ठेवू नका. एक तक्रार आहे, ती खाली सविस्तर लिहिली आहे. तक्रार असल्यामुळे आणि माणूस भला असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही. रावपुरा टॉवरपाशी येऊन "जर्सी छापणारे भाई" विचारलंत की कुणीही बोट दाखवेल. स्कूटर कोठीपाशी लावून चालत आलेलं बरं.

आता मी, पन्नाशी ओलांडलेली बँकेतली बाई, जर्सीच्या दुकानात कशाला गेले? भाच्यासाठी. भाचा अकरावीत आहे आणि बडोद्यात राहून फुटबॉल खेळतो, म्हणजे मोतीबाग मैदानाच्या आणि विजय हजाऱ्यांच्या या क्रिकेटच्या गावात उलट्या दिशेने स्कूटर चालवण्याचा प्रकार. गेल्या नोव्हेंबरात त्याने मला एक रील पाठवली. मागे ढोल-नगारे, एका बाजूला जपानचा झेंडा, एका बाजूला तिरंगा, मधे एका खेळाडूचा फोटो आणि मजकूर साधारण असा, की या जपानी माणसाने भारतासाठी आपला पासपोर्ट सोडला, तुम्हाला याचं नाव तरी माहीत आहे का? खाली भाच्याचा मेसेज: "मावशी, लेजंड आहे ना हा?"

मला नाव माहीत होतं. इझुमी अराता. त्या काळात माझी बदली पुण्याला होती आणि बालेवाडीच्या स्टेडियमवर मी त्याला खेळताना पाहिलंय. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये आम्ही प्रेक्षक असे विखुरलेले असायचो, की कोणी शिट्टी वाजवली तर कोणत्या रांगेतून आली ते कळायचं. त्यामुळे आज अचानक शाळा-कॉलेजातल्या पोरांच्या फोनवर त्याचा चेहरा फिरताना बघून मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. राग याचा, की मी पाहिलेल्या सगळ्या रीलमध्ये पासपोर्टच आहे, फुटबॉल जवळजवळ नाहीच. तेच तीन-चार फोटो, तेच नगारे.

ही लाट आत्ताच का आली, तेही सांगते. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारत-बांगलादेश सामना ०-० सुटला. बांगलादेशकडून हमझा चौधरी खेळला, इंग्लंडमध्ये जन्मलेला, प्रीमियर लीग खेळलेला. तेव्हापासून आपल्याकडे चर्चा पेटली, की परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना आपण का खेळवत नाही? कारण सरळ आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर, देशासाठी खेळता येत नाही, भारताचाच पासपोर्ट लागतो. मग नोव्हेंबरमध्ये बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, आणि प्रत्येक बातमीत एक ओळ आली, की असं करणारा हा दुसरा, पहिला अराता. पोरांनी ती एक ओळ उचलली आणि तिच्यावर हजार रीली उभ्या केल्या.

पहिल्याची गोष्ट मात्र त्या एका ओळीपेक्षा बरीच लांब आहे. जन्म १९८२चा, शिमोनोसेकीचा, म्हणजे जपानच्या यामागुची प्रांतातल्या बंदराच्या गावचा. आई जपानी, वडील गुजराती. सिंगापुरात आणि जपानच्या खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये खेळून २००६ मध्ये कोलकात्यात ईस्ट बंगाल, मग मुंबईत महिंद्रा युनायटेड, आणि २००९ पासून पुणे एफसी. पुणे एफसीने आय-लीगमधल्या, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमधल्या, आपल्या पहिल्याच मोसमात तिसरा नंबर काढला होता, २०१२-१३ मध्ये दुसरा, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. २०१२ संपता संपता अराताने भारतीय नागरिकत्व घेतलं, कागदोपत्री नीलकंठ खंभोळजा झाला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध भारताकडून उतरला. तो सामना आपण ४-२ हरलो. वय तेव्हा तिशीपार. म्हणजे देशासाठी खेळायला मोजकीच वर्षं शिल्लक असताना जन्मदेशाचा पासपोर्ट परत केला. नंतर आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, तो आत्लेटिको दे कोलकाता, एफसी पुणे सिटी, केरला ब्लास्टर्स यांच्याकडून खेळला आणि पुढे नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत पोरांना शिकवायला लागला. प्रसिद्ध म्हणावा असा तो कधीच नव्हता. जपानमध्ये तर नाहीच.

खेळायचा कसा, हे भाच्याला सांगायला मला रीलचा उपयोग झाला नाही. मधल्या फळीत पुढच्या बाजूला असायचा, चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून बघून घेतलेलं असायचं, आणि चेंडू गमावला तर चिडायच्या आधी परत धावायचा. स्टँडमध्ये माझ्या मागे बसणारे एक निवृत्त मास्तर त्याला बघून म्हणायचे, "याची वही नेहमी पूर्ण असते."

तर भाच्याला हवी होती अराताची जर्सी. आणि इथे दुकान येतं, कारण ही जर्सी विकत मिळत नाही. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद पडला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. महिंद्रा युनायटेड तर त्याच्याही आधी संपला होता. म्हणजे ज्या क्लबांच्या दुकानात ही जर्सी मिळाली असती ते क्लबच राहिले नाहीत. ऑनलाइन जे दिसलं ते टी-शर्टवर चिकटवलेले रीलमधलेच फोटो. मितोमा, कुबो या आजच्या जपानी खेळाडूंच्या जर्सी ढिगाने मिळतात. अराताची छापूनच घ्यावी लागते.

दुकान जिन्याखाली आहे, आठ बाय बाराचं असेल. एका भिंतीला हीट प्रेस, तिच्याशेजारी स्टिकर कापायचा प्लॉटर, कोपऱ्यात कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर चालणारा एक कॉम्प्युटर ज्याचा कीबोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि उरलेल्या जागेत छतापर्यंत डॉट-निट कापडाच्या कोऱ्या जर्सींचे गठ्ठे. गिऱ्हाईक उभं राहतं ते पायरीवर. मालक भाई गुजराती, पण जुन्या शहरातले असल्यामुळे मराठी समजतं, बोलतातही, मधे मधे गुजराती घुसतं, आपलं मराठी तरी कुठे वेगळं आहे.

मी नाव सांगितलं. भाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "बेन, ए कोण? जपानी?" भाच्याने फोन पुढे केला, रील दाखवली. काही फरक नाही. मग मी म्हटलं, वडील गुजराती, आडनाव खंभोळजा. भाई खुर्चीतून उठले. "आ तो आपणो! पहेला बोलवुं जोईए ने!" आणि प्रेसवर बसलेल्या पोराला हाक मारून सांगितलं, की बघ, आपला माणूस इंडियाला खेळला. रीलला जे जमलं नाही ते आडनावाने केलं. त्यानंतर मेस्सीच्या तीन जर्सी घेऊन आलेल्या एका मुलाला भाईंनी वीस मिनिटं पायरीवर उभं ठेवलं.

याचं एक बरं आहे, की इन्स्टावर सध्या कोणाची चलती आहे ते या पायरीवर उभं राहून कळतं. भाई स्वतः मॅच बघत नाहीत, पण पोरं कोणतं नाव मागतात यावरून त्यांचा अंदाज पक्का. एखादं नाव एका आठवड्यात चार पोरांनी मागितलं की ते प्लॉटरची फाइल पुसत नाहीत, ठेवून देतात. पुढच्या आठवड्यात कोणी मागितलं नाही तर पुसतात. अराताची फाइल ठेवली का, मी विचारलं. "आ राखवानी, बेन. तमारा सिवाय कोई न मांगे तो पण."

आता कामाचं. नाव-नंबर टाकायचे त्यांच्याकडे दोन प्रकार आहेत. एक व्हिनाइल: रंगीत रबरासारखी शीट, प्लॉटर त्यातून अक्षरं कापतो, उरलेला भाग चिमट्याने सोलून काढायचा आणि अक्षरं गरम प्रेसने कापडावर बसवायची. दुसरा डीटीएफ: फिल्मवर शाईने छपाई, त्यावर डिंकाची पावडर, मग प्रेस. व्हिनाइलची धार सुंदर येते, पण ताणलं तर भेग पडते. डीटीएफ कापडाबरोबर ताणतं, पण जवळून बघितलं तर धार थोडी मऊ दिसते. तिसरा प्रकार सब्लिमेशनचा, ज्यात रंगाची वाफ होऊन तो पॉलिस्टरच्या धाग्यातच शिरतो आणि हाताला काहीच लागत नाही. पण ते काम ते बाहेरून करून आणतात आणि एकेका जर्सीसाठी महाग पडतं. शिवाय ते फक्त पांढऱ्या किंवा अगदी फिक्या पॉलिस्टरवर जमतं. भाईंनी हे सगळं न विचारता समजावलं. मला असे दुकानदार आवडतात जे विकण्याआधी काय नको ते सांगतात.

भाच्याची निळी, भारताच्या रंगाची. त्यावर काय छापायचं यावरून दुकानातच वाद झाला. भाच्याला इंग्रजी अक्षरांत अराता हवं, कारण रीलवर तेच आहे. भाईंना खंभोळजा हवं, का ते सांगायला नको. मी भाईंच्या बाजूने मत दिलं, पण वेगळ्या कारणाने: ज्या नावाने नागरिकत्व घेतलं आणि ज्यासाठी सगळे नगारे वाजताहेत, ते नाव रीलवाल्यांनाच माहीत नाही. इंग्रजीत ते दहा अक्षरांचं होतं आणि मीडियम मापाच्या पाठीवर दोन इंची अक्षरांत मावत नाही. दुसरा दुकानदार असता तर अक्षरं चेपून बसवली असती. भाईंनी पडद्यावर चेपून दाखवलं आणि स्वतःच नाही म्हणाले, कारण चेपलं की मधली अक्षरं एकमेकांत घुसतात आणि लांबून नुसता पट्टा दिसतो. त्यांनी उंची दीड इंचावर आणली, खांद्याच्या रेषेत हलकी कमान दिली, आणि नमुना कागदावर काढून भाच्याच्या पाठीला लावून बघितला. नंबर भाच्याचा स्वतःचा, १४. ही जर्सी अप्रतिम झाली आहे. एक धागा वाकडा नाही. कोरी जर्सी २२०, नाव-नंबर १३०, आणि "आपणो" म्हणून तीस रुपये सूट. मेस्सीवर सूट नाही, मी विचारून घेतलं.

लाल माझी. हो, मी पण घेतली. पुणे एफसीला रेड लिझार्ड्स म्हणायचे, आणि लाल पाल म्हटलं की कसंतरी वाटतं म्हणून आम्ही मराठी मंडळी मनातल्या मनात घोरपड म्हणायचो आणि थेट सिंहगडावर पोचायचो. लाल कापडावर पांढऱ्यात, देवनागरीत: अराता. इथे एक गोष्ट शिकायला मिळाली. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यामुळे व्हिनाइलमध्ये कापड ताणलं तरी दोन अक्षरांमधल्या जागेत ताण जिरतो. देवनागरीत शिरोरेषा सगळं नाव एका पट्टीत बांधते. पाठीवर एक सलग आडवी पट्टी, आणि आपण हात पुढे केले की ताण बरोबर तिच्यावर. भाईंनी आधीच सांगितलं की व्हिनाइलमध्ये ही रेघ पहिल्यांदा तडकेल, डीटीएफ करा. दुसरा उपाय प्रत्येक अक्षरापाशी रेघ तोडण्याचा होता, तो मी ऐकूनच घेतला नाही. देवनागरीचे त्यांच्याकडे मोजून तीन फॉन्ट, त्यातले दोन लग्नपत्रिकेचे. तिसरा जाड आणि साधा, तो घेतला. देवनागरीत नाव हवं असेल तर फॉन्ट स्वतः पेनड्राइव्हवर नेलेला बरा.

आणि आता तक्रार. जर्सी आणली तेव्हा अक्षरं शुभ्र होती. थोड्याच दिवसांत, अजून एकदाही न धुतलेल्या जर्सीवर, ती गुलाबी दिसायला लागली. मला वाटलं दिव्याचा परिणाम. गॅलरीत नेऊन बघितलं, तिथेही गुलाबी. बडोद्याच्या सेव-उसळीची तर्री कपड्यावर सांडल्यावर जो रंग येतो त्याच्या जरा अलीकडचा. परत नेली. भाईंनी ती उजेडात धरली आणि एका श्वासात निदान केलं: रंग चढला. पॉलिस्टरला लाल रंग दिलेला असतो तोही उष्णतेनेच बसवलेला असतो. प्रेसखाली पुन्हा गरम झालं की तो सुटतो आणि वर चढून पांढऱ्या थरात शिरतो. ताबडतोब दिसत नाही, काही तासांनी किंवा काही दिवसांनी दिसतो. लाल आणि मरून कापडावर सगळ्यात जास्त. यावर इलाज आहे: मागे राखाडी थर असलेली फिल्म वापरायची म्हणजे रंग तिथेच अडतो, आणि प्रेसचं तापमान कमी ठेवायचं.

म्हणजे माहीत होतं! मग आधी का नाही सांगितलं? शिरोरेषेबद्दल पाच मिनिटं बोलणाऱ्या माणसाने लाल रंगाबद्दल एक वाक्य बोलू नये? भाई म्हणाले, राखाडी थराची फिल्म संपली होती आणि हे कापड बरं निघेल असं वाटलं. प्रामाणिक उत्तर, पण उत्तर म्हणून अपुरं. त्यांनी छपाई फुकट परत करून दिली, नव्या कोऱ्या जर्सीचे मात्र पैसे घेतले, खरेदीभावाने म्हणाले. माझ्या मते तेही घ्यायला नको होते. मी बोलून दाखवलं. ते हसले आणि चहा मागवला. चहाने २०० रुपये भरून निघत नाहीत, तरी आलं भरपूर होतं.

दुसऱ्यांदा केलेली जर्सी अजून पांढरी आहे. उलटी करून, गार पाण्यात, मशीनमध्ये न घालता धुते आणि छापील भागावर इस्त्री फिरवत नाही. भाच्याने मशीनमध्ये टाकूनसुद्धा त्याच्या निळ्या जर्सीला काही झालेलं नाही, पण ते धाडस तुम्ही करू नका.

वेळेबद्दल: दोन दिवसांत देतो म्हणाले होते. डिसेंबरचे दिवस, शाळांच्या स्पोर्ट्‌स डेची ऑर्डर आली, आणि आम्ही शे-दीडशे हिरव्या-पिवळ्या टी-शर्टांच्या मागे गेलो. व्हॉट्सॲपवर विचारलं तर अंगठा येतो. तो अंगठा "झालं" म्हणून आहे की "बघितलं" म्हणून, ते दुकानात जाऊनच कळतं. गणपतीच्या आधी मंडळांचे टी-शर्ट असतात, तेव्हा तर जाऊच नका.

भाच्याच्या टीममधल्या पोरांनी आता कात्सुमी युसाचं नाव काढलंय. मोहन बागानने २०१४-१५ची आय-लीग जिंकली तेव्हा त्या संघात असलेला, कोलकात्यात लोकांनी डोक्यावर घेतलेला जपानी मिडफिल्डर. त्याच्यावर अजून रीलचा पूर आलेला नाही, म्हणून पोरांना घाई आहे. भाईंना मी आधीच कल्पना दिली की याचे वडील गुजराती नाहीत. ते म्हणाले, "वांधो नही, पण सूट नही."

दुकान रविवारी दुपारनंतर बंद. पैसे यूपीआयने चालतात, बिल मागितलं तरच मिळतं, तेही व्हिजिटिंग कार्डाच्या मागे. लाल किंवा मरून कापडावर पांढरी अक्षरं हवी असतील तर राखाडी थराची फिल्म दुकानात आहे का ते आधी विचारा, डोळ्यांनी बघा, आणि मगच ॲडव्हान्स द्या.